तिंबलेला फुगा

पुंता काल्मा म्हणजे शांत टोक. ज्या दर्यावर्द्याने हे नाव ठेवलं तो तिथे एकच दुपार थांबला होता म्हणतात. आम्ही वर्ष-वर्ष थांबायचो. त्या साली दक्षिण ध्रुवाकडच्या आमच्या तळावर आम्ही एकोणीसजण होतो, आणि वारा धरला तर वीस.

मी बिनतारी यंत्रावर होतो, म्हणून सगळे मला रेडिओच म्हणायचे. सकाळ-संध्याकाळ ब्युनोस आयरेसशी बोलायचं, आणि ब्युनोस आयरेस जे बोलेल त्यातलं सांगण्यासारखं तेवढं तळावर सांगायचं. हिवाळ्यात हे दुसरं काम जास्त जिकिरीचं. सहा महिने एका छपराखाली राहिलेल्या माणसाला ‘तुमच्या सासूबाई तुमच्या घरी राहायला आल्या आहेत’ हे कधी सांगायचं, याचं शिक्षण कुठल्याही शाळेत मिळत नाही. ऑगस्टअखेर एक संदेश आला तो मात्र जसाच्या तसा हातात द्यावा लागला. तो लेखी होता आणि त्यावर एलेउतेरियो मायदानाचं नाव होतं.

मायदाना आमचा हवामान निरीक्षक. कोरिएन्तेसचा, म्हणजे जिथे माणसं सावलीत बसूनही घाम पुसतात तिथला. अशा माणसाने बर्फावर अठरा हिवाळे का काढावेत, हे त्याच्या बायकोलाही उमगलं नव्हतं. तिने विचारायचंच सोडून दिलं होतं. दर बुधवारी दुपारी तो एक मोठा फुगा आकाशात सोडायचा. फुग्याखाली थर्मोकोलची पेटी. ती वर जाता जाता हवेतला ओझोन मोजायची आणि आकडे खाली पाठवायची. वर कुठेतरी फुगा फुटायचा, पेटी समुद्रात पडायची, आणि मायदाना पुढच्या बुधवारच्या तयारीला लागायचा. इतकं साधं काम इतक्या गंभीरपणे करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. फुग्याला उघडा हात लावायचा नाही, हा त्याचा पहिला नियम. सुती हातमोजे घालून, बाळंतिणीच्या खोलीतून तान्हं मूल बाहेर आणावं तसा तो फुगा पेटाऱ्यातून काढायचा.

संदेशात लिहिलं होतं की या मोसमात पुंता काल्माचा एकही फुगा वीस किलोमीटरच्या वर गेलेला नाही, आणि खरा ओझोन तर तिथून पुढेही मोजायचा असतो. तीस सप्टेंबरपर्यंत निदान एक फुगा तीस किलोमीटरवर पोचला नाही, तर हे काम दुसऱ्या तळाकडे द्यावं लागेल. निरीक्षक मायदाना यांना त्यांच्या प्रांतात परत बोलावून नदीच्या पातळीची नोंद ठेवण्याच्या कामावर नेमण्यात येईल.

मायदानाने कागद दोनदा वाचला आणि चौकोनी घडी करून खिशात ठेवला.

“अठरा वर्षं आकाश मोजलं,” तो म्हणाला. “आता पाराना नदी मोजायची. पंख्याखाली बसून.”

“पंखा तरी असेल,” मी म्हणालो.

“रेडिओ, कुणाला सांगू नकोस.”

मी कुणालाही सांगितलं नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

दोष मायदानाचा नव्हता, थंडीचा होता. त्या दिवसांत अठरा-वीस किलोमीटरवर उणे पंच्याऐंशी असायचं. तिथे रबर जुन्या चपलेच्या तळव्यासारखं होतं. ताणायच्या जागी तडकतं. पूर्वी यावर उपाय होता. फुगा सोडण्याआधी रॉकेलच्या टाकीत बुचकळून काढायचा, म्हणजे रबर मऊ राहायचं. मग वरून हुकूम आला की रॉकेल बंद. ठिणगी पडली तर फुग्याबरोबर शेडही आकाशात जाईल, आणि रॉकेल बर्फावर ठिबकतं ते वेगळंच. हुकूम बरोबर होता. फुग्यांना तेवढं कळत नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मायदानाकडे एकच फुगा उरला. नवा पेटारा रिओ गाल्येगोसला विमानात चढून बसला होता, आणि विमान हवा सुधारायची वाट पाहत बसलं होतं.

ओझोनच्या आकड्यांचं काम बघायला त्या वर्षी डॉक्टर सुलेमा ब्रिन्योने नावाच्या बाई होत्या. मेंदोसाच्या. अंगाने एवढ्याशा, आणि बोलणं असं की समोरचा आपोआप सरळ बसायचा. मंगळवारी दुपारी त्या माते, म्हणजे आमच्याकडचा कडवट चहा, भरलेला तुंबा घेऊन माझ्या खोलीत आल्या. मायदाना आधीच येऊन बसला होता. तुंबा तिघांत फिरला.

“रबर ऊब खाऊन गेलं तर वर जास्त वेळ टिकतं,” बाई म्हणाल्या. “रात्रभर चाळीस अंशांत ठेवायचं. भट्टीजवळ नको, करपेल. एकसारखी, दमट ऊब हवी.”

“तळावर अशी जागा नाही,” मायदाना म्हणाला.

“एक आहे,” मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली.

ती जागा म्हणजे मुदपाकखान्यातलं पीठ आंबवायचं कपाट. जनित्राच्या गरम पाण्याचा नळ त्याच्या मागून जायचा. आणि मुदपाकखाना निकानोर लेदेस्माचा होता.

निकानोर आमचा आचारी. तुकुमानचा. धिप्पाड, हळवा, आणि राग धरला की तो लोणच्यासारखा मुरवणारा. जूनमध्ये त्याने स्वतः भरलेले चोरिसो, चाळीस हात सॉसेजची माळ, वाळत घालायला थंड, कोरडी, स्वच्छ जागा शोधली. तळावरची सर्वांत स्वच्छ जागा म्हणजे मायदानाची फुग्याची शेड. मायदाना बुधवारी दार उघडून बघतो तर छतापासून जमिनीपर्यंत मांसाची तोरणं. त्याने ती सगळी उचलून बाहेर ठेवली. बाहेर समुद्री गिधाडं होती. ती हसत नाहीत, पण त्या दिवशी हसली असणार.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. जेवायला मात्र समोरासमोर बसायचे. कारण जागा ठरलेल्या होत्या, आणि जागा बदलणं म्हणजे हार. त्यांच्या मध्ये मी.

“रेडिओ, त्या पलीकडच्या साहेबांना सांग, मीठ इकडे करा.”

“रेडिओ, त्या आचाऱ्याला सांग, मीठ शिजवतानाच घालतात.”

“रेडिओ, साहेबांना सांग, हातमोजे घालून जेवणाऱ्याला चव कशी कळणार?”

चार महिने हे चाललं होतं. मायदानाला मुदपाकखान्याचा उंबरा ओलांडायची बंदी होती. निकानोरने तसं खडूने दारावर लिहिलंच होतं. नाव घातलं नव्हतं. फक्त फुग्याचं चित्र काढून त्यावर फुली मारली होती.

पण मंगळवारी मारिया मी होतो. आमच्या तळांवर रोज एकाची पाळी असते. त्याने झाडलोट करायची, भांडी घासायची, टेबलं मांडायची, आणि त्या दिवशी त्याला सगळ्यांनी मारिया म्हणायचं. तळप्रमुखांची पाळी आली तर तेसुद्धा मारिया. तेव्हा लोक जरा जास्तच हाका मारतात. पाळी संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. म्हणजे रात्री आचारी झोपल्यावर मुदपाकखान्याच्या किल्ल्या माझ्याकडे.

“निकानोरला विचारूया सरळ,” बाई म्हणाल्या.

“विचारा,” मायदाना म्हणाला. “तो म्हणेल, फुगा कपाटात आणि मायदाना ओव्हनमध्ये.”

शेवटी ठरलं ते असं. जेवणं आटोपली की मी फुगा आत नेऊन ठेवायचा. निकानोर सकाळी सहाला उठतो. मी साडेपाचला उठून फुगा काढून घ्यायचा. कुणाला काही कळायचं नाही. इतकी निर्दोष योजना मी आयुष्यात दुसरी केली नाही. तेव्हापासून केलीच नाही.

फुगा घडी घालून ठेवला की पिवळट पांढरा, जाड, मऊ गोळा दिसतो. कपाटाच्या फळ्यांवर निकानोरचे ॲल्युमिनियमचे टोप बसतात, दुसरं काही बसत नाही. म्हणून मी एक स्वच्छ टोप घेतला. मायदाना दाराबाहेर, बंदीच्या रेषेवर पायाची बोटं टेकवून उभा होता आणि मला हातमोजे नीट घालायला सांगत होता. फुगा टोपात ठेवला. धूळ बसू नये म्हणून वर ओलं फडकं टाकलं. शेजारच्या फळीवर निकानोरचं पावाचं पीठ होतं. तसाच टोप, तसंच फडकं.

हे मी आता लिहितोय तेव्हा मला त्यातली अडचण स्पष्ट दिसते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकचा वाढदिवस होता. केक करायचा म्हणून निकानोर पाचलाच उठला. ही गोष्ट तळावर सगळ्यांना माहीत होती. मलाही होती. जाग आली तेव्हा पावणेसहा झाले होते, आणि खिडकीत पहाट अशी शांतपणे बसली होती की मला धस्स झालं.

मी मोज्यांनिशी पळत मुदपाकखान्यात गेलो. एकच दिवा होता. निकानोर पाठमोरा, बाह्या खांद्यापर्यंत वर, ओट्यावर वाकून पीठ तिंबत होता. मनगटाने दाबायचं, दुमडायचं, उचलून आपटायचं. बाहेरच्या थंडीतून आत आलं की त्याच्या चष्म्यावर वाफ धरायची, म्हणून तो तिंबताना चष्मा काढूनच ठेवायचा. कणीक डोळ्यांनी तिंबत नाहीत, असं तो नेहमी म्हणे.

“ये मारिया,” तो वळून न बघताच म्हणाला. “हे पीठ बघ. चाळीस वर्षांत असं हट्टी पीठ पाहिलं नाही. दाबलं की परत येतंय, दाबलं की परत येतंय. कोरडंठाक. मूठभर चरबी घातली, तीही पीत नाहीये. कुठल्या गिरणीचं पाठवलंय कोण जाणे.”

“निकानोर.”

“दहा मिनिटं झाली. आता थोडं वळणीला आलंय. आता तुकडे करतो आणि—”

त्याने सुरी उचलली.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. नंतर तळप्रमुख म्हणाले की त्यांना वाटलं आग लागली. निकानोरचा हात हवेतच थांबला. मी दुसऱ्या टोपावरचं फडकं काढलं. खाली त्याचं खरं पीठ, छान वर आलेलं, आपली पाळी यायची वाट बघत होतं. निकानोरने चष्मा लावला. आधी त्या पिठाकडे बघितलं, मग ओट्याकडे. मग एक टोक धरून उचललं. फुग्याचं तोंड लांब सोंडेसारखं लोंबलं. त्यातून थोडा मैदा गळला.

“हे माझ्या कपाटात काय करत होतं?” त्याने अगदी हळू विचारलं. हळू बोलला की तो खरा चिडलेला असायचा.

मी सगळं सांगितलं. तीस तारीख, वीस किलोमीटर, शेवटचा फुगा, नदी. तो ऐकत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. राग जाऊन तिथे जे आलं ते मला रागापेक्षा वाईट वाटलं.

“म्हणजे हा शेवटचा?”

“हो.”

“आणि मी त्याला…” त्याने आपल्या हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत चरबी आणि मैदा. “त्या माणसाने घालवलेला माझा चाळीस हात चोरिसो मी अजून विसरलेलो नाही. पण हे मी मुद्दाम केलं असतं तरी इतकं चांगलं जमलं नसतं.”

सांगायला तोच गेला. चार महिन्यांनी पहिल्यांदा तो मायदानाच्या शेडच्या दारात उभा राहिला, हातात टोप, टोपात फुगा. मी त्याच्या मागे. डॉक्टरीणबाई पेटीतला छोटा पंप तपासत होत्या.

मायदानाने टोपात बघितलं. मग त्याने सुती हातमोजे घातले, फुगा टेबलावर पसरला आणि दिव्यापुढे धरून इंच इंच बघू लागला. पाऊण तास लागला. बाहेर वारा दाराला धडका देत होता.

“भोक नाही,” शेवटी तो म्हणाला. “ओरखडा नाही. निकानोर, नखं कधी कापलीस?”

“रोज कापतो. मी आचारी आहे, गवंडी नाही.”

“चरबी किती?”

“मूठभर.”

“कुणाची मूठ?”

निकानोरने आपली मूठ दाखवली. मायदानाने डोळे मिटले.

“बाई,” तो म्हणाला, “हा सोडला आणि पाचवर फुटला, तर नोंदीत शेवटचा आकडा पाच. हा सोडलाच नाही, तर निदान शेवटचा आकडा एकोणीस राहतो. अठरा वर्षांच्या कामाखाली एकोणीस बरा दिसतो.”

“आणि सोडला नाही तर नदी,” बाई म्हणाल्या.

“सोडला तरी नदीच.”

“सोडला तर बहुतेक नदी. ‘बहुतेक’ला शास्त्रात किंमत असते, मायदाना. त्यावरच आमचं पोट चालतं.”

तो हसला नाही. पण उठला आणि हेलियमच्या टाकीची किल्ली फिरवली.

फुगा भरू लागला. नेहमी तो मोत्यासारखा फिकट असायचा. हा तेलकट चकाकत होता, आणि त्यावर मैद्याचे चट्टे होते, निकानोरच्या तळव्यांच्या मापाचे. शेडमध्ये जाम भूक लागेल असा वास सुटला. भरून झाला तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. तोंड बांधायची दोरी टिकेना. चरबीने निसटायची. मायदानाने दोनदा बांधली, दोनदा सुटली, आणि दोन्ही वेळा थोडा हेलियम गेला.

“बाजूला हो,” निकानोर म्हणाला. त्याने मला निरोप्या म्हणून वापरलं नाही, हे माझ्याच लक्षात आलं. “बांधायचं असतं ते असं. आधी व्हिनेगर. पुसून घ्यायचं. आता दोरी. दोन वेढे, मग आतून, मग परत दोन. मांसाची गुंडाळी तेलात सोडली तरी सुटत नाही ही गाठ.”

“फुग्याला व्हिनेगर?”

“आता लाजतोस होय? सकाळपासून त्याला सगळंच लागलंय.”

दुपारी एकला दार उघडलं. वारा होता, पण सोडता येईल इतकाच. मायदानाने पेटी धरली, निकानोरने फुग्याची मान, आणि दोघं बर्फावर तिरके चालत गेले. एक सडसडीत, एक धिप्पाड, मध्ये ते चकाकणारं धूड. वाऱ्याने फुगा बाजूला ओढला तेव्हा मायदाना घसरला. निकानोर मात्र खांबासारखा उभा राहिला. तेवढ्या वजनाचा तळाला काय उपयोग, असं आम्ही वर्षभर विचारत आलो होतो.

“सोड!” मायदाना ओरडला. निकानोरने हात उघडले. फुगा त्याच्या बोटांतून सुटायला अंमळ उशीर झाला. बोटं चिकट होती. मग तो गेला.

आकडे घ्यायच्या खोलीत चार माणसं मावतात. त्या दिवशी बारा होती. बाकीचे दाराबाहेर, आणि तळप्रमुख खुर्चीवर उभे. मेकॅनिकचा केक झालाच नव्हता. पण तक्रार करायची ही वेळ नाही हे त्यालाही कळत होतं. बाई कानाला यंत्र लावून बसल्या आणि दर किलोमीटरला आकडा सांगू लागल्या. एका किलोमीटरला तीन-सव्वातीन मिनिटं लागतात. तीन-सव्वातीन मिनिटं किती मोठी असतात, ते तिथे कळतं.

पाच झाले. दहा झाले. पंधराच्या पुढे बाईंचा आवाज खाली आला. ओझोनचे आकडे घसरत होते. सतरावर जवळजवळ शून्य.

“ओझोनचं भोक,” बाई म्हणाल्या. “फुगा त्याच्या आतून चाललाय.”

मायदाना खिडकीकडे तोंड करून उभा होता. खिडकीतून काही दिसत नव्हतं. त्याला काही बघायचंच नव्हतं.

“अठरा.”

“एकोणीस.”

या वर्षीचा सर्वांत चांगला फुगा इथेच गेला होता.

“वीस,” बाई म्हणाल्या.

“कणीक चांगली तिंबली की ताण घेते,” निकानोर दाराशी पुटपुटला.

“ते रबर आहे,” मायदाना खिडकीकडे बघतच म्हणाला.

“मला सांगतोस? मीच तिंबलंय.”

चोवीसवर ओझोन परत दिसू लागला. पंचवीस. सव्वीस. आता बाईंनी बोलायचंच सोडलं. नुसती बोटं वर करत होत्या, आणि शेवटी त्यांना बोटं पुरेनात. एकोणतीसवर तळप्रमुख खुर्चीवरून उतरले, कारण खुर्ची थरथरत होती. किंवा ते.

“तीस,” बाई म्हणाल्या.

कुणीच ओरडलं नाही. सगळ्यांनी मायदानाकडे बघितलं. तो वळला, टेबलाशी आला आणि पेन्सिल उचलून रकान्यात तीस लिहिलं. आकडा स्वच्छ होता. फुगा आणखी चार मिनिटं चढला. एकतीस किलोमीटर दोनशे चाळीस मीटरवर आवाज तुटला.

मग ओरडले. मेकॅनिकने निकानोरला उचलायचा प्रयत्न केला आणि मेकॅनिकचीच पाठ धरली. आकाशातल्या भोकाचं माप मिळालं म्हणून इतका आनंद कुणाला झाला असेल असं मला वाटत नाही. बाईंना मात्र तो फार वेळ पुरला नाही. चौदा ते बावीसमधले आकडे त्या पुन्हा पुन्हा बघत बसल्या. त्यांच्यासमोर ठेवलेला माते गार झाला.

खरा घोळ संध्याकाळी झाला. मायदाना नोंद लिहायला बसला. शेवटी शेऱ्याचा रकाना असतो.

“लिही, ‘फुगा रात्रभर ऊब देऊन वापरला’,” बाई म्हणाल्या. “खोटं नाही ते.”

“पुरं पण नाही.”

“मायदाना, ऐक माझं. कचेरीत हा कागद कोण वाचणार आहे माहीत आहे ना? चरबी म्हटलं की तो म्हणेल, पेटीत वाफ गेली असेल, आकडे भ्रष्ट, नोंद रद्द. मग नदी.”

“मी पेटी तपासली आहे. आकडे स्वच्छ आहेत.”

“ते तुला माहीत आहे. मला माहीत आहे. त्याला माहीत नाही.”

“मग त्याला कळू दे,” मायदाना म्हणाला. “बाई, अठरा वर्षांत मी या रकान्यात काही लपवलेलं नाही. एकदा फुग्याबरोबर माझी टोपी गेली, तेही लिहिलंय. वजन, टोपी, एकशे दहा ग्रॅम. तेव्हाही सगळे म्हणाले, लिहू नको. हे सोडलं तर माझ्याकडे आहे काय? फुगा तर कुणीही सोडतो.”

मग त्याने लिहिलं. निकानोर त्याच्या खांद्यावरून वाचत होता.

“‘आचाऱ्याच्या चुकीमुळे’ काय? खोड ते.”

“चूकच ती.”

“चूक रेडिओची. मी माझ्या कपाटातलं माझ्या टोपातलं पीठ तिंबलं.”

“ते पीठ नव्हतं.”

“ते तुला आधी माहीत होतं. मला नंतर कळलं.”

यावर पाऊण तास गेला. शेवटी ठरलेला मजकूर असा: ‘फुगा रात्रभर चाळीस अंशांत. त्यानंतर गुरांची चरबी व मैदा लावून सुमारे दहा मिनिटं हाताने तिंबला. हेतू: पाव.’

तो मजकूर मी स्वतः ब्युनोस आयरेसला वाचून दाखवला. पलीकडच्या माणसाने ‘हेतू’ पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाला, थांबा. मग म्हणाला, कळवतो.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. मायदानाने शेड झाडली, आपली हत्यारं पुसून कपाटात लावली आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली, पुढच्या माणसाला सापडावीत म्हणून. निकानोरने दारावरचं चित्र पुसलं. टेबलावर दोघं आता सरळ बोलत होते, आणि मला मधे बसून करमेना.

शनिवारी सकाळी उत्तर आलं. मी ते घेऊन शेडपर्यंत चालत गेलो. वाटेत चारदा वाचलं. नोंद मान्य. पेटीतील मापं पूर्णपणे ग्राह्य. ओझोनचं काम पुंता काल्मा इथेच चालू राहावं आणि निरीक्षक मायदाना यांनी आपल्या जागेवर राहावं.

मायदानाने वाचलं आणि खाली बसला. खाली म्हणजे जमिनीवर. खुर्ची दोन हातांवरच होती.

“बायकोला कळवायला हवं,” तो म्हणाला. “तिने पंखा घेऊन ठेवलाय.”

संदेशाचा आणखी एक परिच्छेद होता. पुढच्या सर्व फुग्यांसाठी हीच पद्धत वापरावी. चरबीचं प्रमाण ग्रॅममध्ये आणि तिंबण्याचा काळ मिनिटांत कळवावा, म्हणजे इतर तळांना सूचना देता येईल.

“ग्रॅम?” निकानोर दुखावला. “माझ्या आईने सात पोरं वाढवली, घरात तराजू नव्हता. हाताला कळतं.”

“इतर तळांवर तुझा हात नाही,” मायदाना म्हणाला.

रविवारी विमान उतरलं, नवा पेटारा आला. बुधवारी सकाळी दोघं मुदपाकखान्यात भेटले, या वेळी आमंत्रणाने. मायदानाने आपल्या प्रयोगशाळेचा काटा आणला होता. चरबीचा डबा आधी काट्यावर ठेवला. मग निकानोर तिंबायला लागला, आणि मायदाना मनगटावरचं घड्याळ बघत शेजारी उभा राहिला.

“हळू.”

“हळू काय? तू मोज. मी तिंबतो.”

“डावीकडे कमी लागलंय.”

“डावीकडे तूच लाव मग.”

मायदानाने बाह्या वर केल्या आणि डबा आपल्याकडे ओढला.

झाल्यावर डबा परत काट्यावर ठेवला. त्या दुपारी फुगा साडेतीसवर फुटला. मी संध्याकाळी कळवलं: चरबी त्रेचाळीस ग्रॅम, तिंबणे अकरा मिनिटं, वारा जास्त असल्यास थोडी जास्त.

ब्युनोस आयरेसने विचारलं, थोडी जास्त म्हणजे किती?

मी मायदानाकडे बघितलं. त्याने बोलायचं यंत्र माझ्या हातातून घेतलं.

“थोडी म्हणजे थोडी,” तो म्हणाला. “असं करा, इतर तळांच्या आचाऱ्यांची नावं पाठवा. आमचा माणूस त्यांच्याशी बोलेल.”